बाजार उघडा असून भागत नाही : २०१० च्या द्राक्ष हंगामातून उरलेला प्रश्न

वेलमांडव | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला सही झालेल्या व्यापार कराराच्या धाग्यावर बऱ्याच जणांनी लिहिलंय की आता आपल्या शेतमालाला परदेशाचं दार उघडलं. दार उघडलं याचा मलाही आनंद आहे. पण आमच्या घरात एक कागद जपून ठेवलाय. तो हातात घेतला की वाटतं, दाराबद्दल आपण फार बोलतो आणि दारातून जाणाऱ्याच्या पायातल्या बळाबद्दल फार कमी. म्हणून हा वेगळा धागा काढते आहे.

कागद २०१० च्या फेब्रुवारीतला. दिंडोरी तालुक्यात आमची साडेतीन एकर थॉमसन जातीच्या द्राक्षाची बाग. मी लग्न होऊन आले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. कागद म्हणजे प्रयोगशाळेचा रेसिड्यू रिपोर्ट, फळात फवारणीच्या औषधांचे अंश किती उरलेत त्याचा. वर प्लॉटचा नोंदणी क्रमांक, सासऱ्यांचं नाव, गट नंबर, सॅम्पल घेतल्याची तारीख. खाली औषधांच्या नावांची लांबलचक यादी आणि जवळजवळ प्रत्येकासमोर एकच शेरा : आढळलं नाही. दोन ठिकाणी आकडा होता, तोही मर्यादेच्या पुष्कळ खाली. प्लॉट पास. त्या दिवशी सासऱ्यांनी पेढे आणले होते.

पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळीने दोन दिवसांत माल उतरवला. पॅकहाऊसला गेला, प्रीकूलिंग झालं, कंटेनर न्हावाशेवाहून सुटला. आणि एप्रिलमध्ये निर्यातदाराच्या माणसाचा फोन आला की माल युरोपात अडकलाय, सीसीसी सापडलंय.

सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. बागायतदारांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी लिहिते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटी जोरात धावायला लागल्या की शेंड्याची वाढ रोखायची आणि काडीत घड धरायला लावायचा, त्यासाठी ते मारायचे. आमच्या शिवारात सगळेच मारत, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. युरोपात द्राक्षासाठी त्याची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती आणि आपल्याकडच्या त्या हंगामाच्या तपासणीच्या यादीत ते नावच नव्हतं. आम्हाला जे कधी विचारलंच नाही, त्यात आम्ही नापास झालो.

विक्रीच्या हिशेबाची पट्टी आली ती हातात धरवत नव्हती. पॅकिंग, भाडं, तिकडे माल नष्ट करायचा खर्च, सगळं वजा होऊन उलट आम्हीच देणं लागत होतो. सोसायटीचं कर्ज फिटायला पुढची चार वर्षं गेली. सासऱ्यांनी त्यानंतर तीन हंगाम एक्स्पोर्टचा प्लॉट धरला नाही. निर्यातदाराचं नाव लिहीत नाही, तो माणूसही त्यात बुडालाच.

आता माझं म्हणणं. तेव्हा आयात शुल्क आडवं आलं नव्हतं, बंदीही नव्हती. बाजार उघडा होता, गिऱ्हाईक होतं, मणी अठरा मिलिमीटरचा होता, शुगर भरली होती. फक्त एक माणूस कमी पडला. तिकडची यादी वाचणारा, आपल्या फवारणीच्या पत्रकाशी ती ताडून बघणारा, आणि एप्रिलमध्ये औषध पंपात पडायच्या आधी गावात येऊन सांगणारा. विकसनशील देशाची व्यापारक्षमता असं जे म्हणतात, ते मला तरी त्या एका माणसाच्या रूपात दिसतं. त्याच्या मागे लॅब लागते, कायदा लागतो, पैसा लागतो. पण ते सगळं एप्रिलमध्ये बांधावर पोचलं तर उपयोग.

ही क्षमता बांधायची कुणी, खर्च उचलायचा कुणी, आणि बांधून झाल्यावर ती राहते कुणाकडे? अनुभव लिहा. द्राक्षाचेच हवेत असं नाही.

सूक्ष्ममापन | रविवार, रात्री ११:३५

ताई, मी रेसिड्यू तपासणीच्या कामातच निवृत्त झालो. २०१० चा तो महिना आम्हीही विसरलेलो नाही.

थोडं मागून सांगतो. महाग्रेप्स, म्हणजे द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांची एकत्र संस्था, १९९१ ला उभी राहिली आणि या संस्थांचा माल युरोपात जायला लागला. तेव्हा सगळ्यांचं लक्ष मण्याच्या आकारावर आणि गोडीवर होतं. २००३ मध्ये नेदरलँड्सला आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेबाहेर सापडले आणि युरोपभर इशारा गेला. त्यानंतर अपेडाने, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, अवशेष तपासणीचा कार्यक्रम आखला, पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा झाली, आणि २००६ मध्ये ग्रेपनेट ही माग काढायची संगणकी व्यवस्था आली. प्लॉटची कृषी विभागाकडे नोंदणी, लॅबच्या माणसानेच येऊन घेतलेलं सॅम्पल, रिपोर्ट, पॅकहाऊस, ॲगमार्क हा प्रतीचा दाखला, फायटो हा वनस्पती-आरोग्याचा दाखला, सगळं एका धाग्यात ओवलेलं. रॉटरडॅमला पेटी उघडली तर ती कोणत्या गटातल्या कोणत्या प्लॉटची हे पुण्या-दिल्लीत बसून सांगता येतं. विकसनशील देशात ताज्या फळासाठी असं काही उभं राहणं ही लहान गोष्ट नव्हती. पुढे डाळिंबासाठी अनारनेट त्याच धर्तीवर झालं.

आता तुमच्या सीसीसीबद्दल. एक तांत्रिक गोष्ट लोकांना माहीत नसते. आम्ही एका खेपेत शंभराहून जास्त औषधं बघतो, कारण फळाचा लगदा एका द्रावकात घुसळला की बहुतेक औषधं त्यात उतरतात. क्लोरमेक्वाट उतरत नाही. ते पाण्याला धरून बसणारं द्रव्य आहे. त्याच्यासाठी वेगळी काढणी, वेगळी पद्धत. म्हणजे मशीन कितीही भारी असलं तरी ते मुद्दाम शोधायला गेल्याशिवाय दिसत नाही. शोधायला जायचं तर आधी कुणीतरी यादीत लिहायला हवं. २०१० नंतर ते यादीत आलं, पद्धत बसवली गेली, आणि यादी दरवर्षी तिकडच्या बदलांप्रमाणे सुधारली जाते.

आकडा किती बारीक असतो तेही सांगतो. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम लागू होतं. म्हणजे शंभर टन द्राक्षात एक ग्रॅम. साधारण सात कंटेनर भरतील एवढ्या मालात एक ग्रॅम. हे मोजायचं तर मशीन कोट्यवधींचं लागतं, पण मशीन टेंडर काढून येतं. ते चालवणारी पोरं तयार व्हायला पाच-सात वर्षं जातात, आणि तयार झाली की पगारासाठी औषध कंपन्यांकडे जातात. आमच्या हाताखाली शिकलेली किती पोरं गेली ते मला तोंडपाठ आहे. क्षमता गळते ती इथून.

कातळावरचा | सोमवार, सकाळी ७:५०

द्राक्षवाल्यांना निदान ग्रेपनेट मिळालं. आमच्या हापूसचं ऐका.

जपानने १९८६ ला फळमाशीवरून आपला आंबा बंद केला तो २००६ ला उघडला. वीस वर्षं. माझ्या वडिलांची उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली. अमेरिका २००७ ला उघडली, अट काय, तर विकिरण, म्हणजे किडीसाठी फळावर किरणांचा मारा. कोकणात तशी सोय नव्हती. लासलगावला अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ होतं, मुळात कांद्याला कोंब येऊ नये म्हणून बांधलेलं. मग देवगडचा आंबा सह्याद्री चढून लासलगावला जायचा, तिथे किरणांची ४०० ग्रे मात्रा घ्यायचा, परत मुंबईला येऊन विमानात बसायचा. हापूससारखं नाजूक फळ! आणि तपासायला अमेरिकेचा निरीक्षक इथे यायला हवा, त्याचा खर्च आपल्या बाजूने. कोविडमध्ये निरीक्षक येऊ शकले नाहीत म्हणून २०२० आणि २०२१ हे दोन हंगाम अमेरिका बंद राहिली.

मे २०१४ ला युरोपने दार लावलं, ऐन हंगामात. आदल्या वर्षी आपल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत किडी सापडल्या होत्या. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ, अळू पण गेलं. मग गरम पाण्याची प्रक्रिया आली, ४८ अंशाला एक तास. २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली.

पहिल्या वर्षी मी ४० पेट्या दिल्या. प्रक्रियेनंतर काही फळं देठाकडे कडक राहिली, बाकीचं मऊ. नंतर कळलं की फळ कितपत तयार असताना त्या पाण्यात घालायचं याचा अंदाज वेगळा बसवायला लागतो. चौदा आणे तयार फळ चालतं की आणखी थोडं थांबायचं, हे झाडावर चढणाऱ्या गड्याला कळायला हवं. आमच्या गड्याला तीन हंगामांनी ते बसलं. आता तो डोळ्यांनी सांगतो. ही क्षमता कुठल्या अहवालात मोजतात ते मला माहीत नाही, पण ती गेली तर टाकीचा उपयोग नाही.

बांधावरून | सोमवार, दुपारी १:१५

तासगावचा आहे. मी एक्स्पोर्ट सोडून बेदाणा धरला, का ते सांगतो.

सरकारी मर्यादा पाळणं एक वेळ जमतं. त्यावर तिकडच्या दुकानदारांच्या स्वतःच्या अटी असतात. जर्मनीतल्या काही सुपरमार्केट साखळ्या म्हणतात, कायद्याच्या मर्यादेच्या एक-तृतीयांशातच बसा. वर म्हणतात, फळात एकूण औषधंच चार-पाचांपेक्षा जास्त दिसता कामा नयेत, मग ती कितीही कमी असोत. आता ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस लागला तर केवडा हा बुरशीचा रोग आवरायला औषधं बदलून बदलून मारावी लागतात. एकच औषध परत परत मारलं तर रोग त्याला जुमानत नाही, हेच शास्त्रज्ञ शिकवतात. पण बदलून मारलं की औषधांची संख्या वाढते. दोन्ही अटी पावसाळी हंगामात एकत्र पाळून दाखवा.

त्यात ग्लोबलगॅपचं सर्टिफिकेट, म्हणजे शेती कशी करायची याच्या खाजगी नियमांचा दाखला. औषधांची खोली वेगळी, मजुरांना हात धुवायची जागा, संडास, नोंदवह्या, दरवर्षी ऑडिट. गोष्टी चांगल्या आहेत, मजुरांसाठी तर हव्याच. पण दीड एकरवाल्याने तो खर्च एकट्याने कसा काढायचा? वीस एकरवाल्याला तो पेटीमागे जाणवतसुद्धा नाही. क्षमता वाढली असं म्हणताना कुणाची वाढली ते विचारा. आमच्या गल्लीत २००५ ला एक्स्पोर्टचे अकरा बागायतदार होते, आज तीन आहेत, आणि तिघेही मोठे.

वेलमांडव | सोमवार, दुपारी ३:४०

दादा, हे मनाला लागलं. आमच्याकडे गट नसता तर आम्हीही सोडलं असतं. आमच्या गटात बावीस जण आहेत. सर्टिफिकेट गटाच्या नावावर आहे, ऑडिटचा खर्च एकराप्रमाणे वाटून घेतो, औषधांची खोली सामायिक. मोहाडीच्या सह्याद्री या शेतकऱ्यांच्या कंपनीने हेच मोठ्या प्रमाणावर केलं म्हणून आमच्यासारख्यांना धीर आला. पण गट टिकवणं म्हणजे रोजचं काम आहे. एकाने न विचारता एक फवारा मारला तर बावीस जणांचा माल अडकतो.

अर्थमास्तर | सोमवार, रात्री १०:०५

बांधावरून यांच्या मुद्द्याचा एक इतिहास आहे आणि तो फार लहान देशापासून सुरू होतो. जागतिक व्यापार संघटनेचा अन्नसुरक्षा आणि वनस्पती-आरोग्याचा करार १९९५ पासून लागू आहे. त्यानुसार सरकारांनी नियम शास्त्राच्या आधारावर करायचे आणि इतरांना आधी कळवायचे. पण दुकानदाराची अट हा सरकारी नियम नसतो, तो त्या करारात बसतो की नाही यावरच वाद. २००५ मध्ये कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडाइन्स या चिमुकल्या देशाने त्या कराराच्या जिनिव्हातल्या समितीत हा प्रश्न मांडला. त्यांची केळी ब्रिटनच्या दुकानांत जायची आणि युरेपगॅपच्या अटी लहान केळीवाल्यांना झेपत नव्हत्या. तेच युरेपगॅप २००७ पासून ग्लोबलगॅप नावाने ओळखलं जातं. त्या समितीत पुढे वर्षानुवर्षं चर्चा झाली, पण खाजगी अटींना बांधणारा नियम काही झाला नाही. तासगावचं दुखणं तेच आहे.

दुसरं. त्याच करारात लिहिलंय की विकसनशील देशांना तांत्रिक मदत द्यावी आणि नव्या नियमाशी जुळवून घ्यायला सवड द्यावी. दोह्याला २००१ मध्ये संघटनेच्या मंत्री परिषदेत ठरलं की ही सवड साधारणपणे सहा महिन्यांहून कमी नसावी. कागदावर सहा महिने उदार वाटतात. ताई, द्राक्षाच्या वेलीला विचारलं तर?

वेलमांडव | सोमवार, रात्री १०:२०

वेलीचं वर्ष एप्रिलच्या खरड छाटणीला सुरू होतं आणि पुढच्या फेब्रुवारी-मार्चला माल निघतो. दहा-अकरा महिने. सप्टेंबरला नवा नियम कळला तर एप्रिल-मे मध्ये मारलेलं औषध वेलीतून काढून घेता येत नाही. सहा महिने पुरत नाहीत, मास्तर. पूर्ण एक छाटणी-चक्र तरी हवं.

अर्थमास्तर | सोमवार, रात्री १०:५०

हेच मला कुठल्या अहवालात इतकं साफ सापडलं नाही. कारखान्याच्या मालाला सहा महिने पुरतात, साचा बदलला की झालं. बारमाही पिकाला झाडाचं घड्याळ असतं. हा मुद्दा आपल्या प्रतिनिधींनी तिथे मांडायला हवा, आणि तो मांडायला त्यांना तुमच्यासारख्यांकडून कळायला हवा. क्षमता फक्त वरून खाली जायची गोष्ट नाही.

मदतीबद्दलही लिहितो, कारण मूळ प्रश्नात ‘खर्च कुणी उचलायचा’ आहे. डिसेंबर २००५ मध्ये त्याच संघटनेच्या हाँगकाँगच्या मंत्री परिषदेत ‘व्यापारासाठी मदत’ हा कार्यक्रम सुरू झाला. अनेक गरीब देशांना सवलतीने बाजार मिळूनही त्यांची निर्यात वाढत नव्हती, म्हणून बंदरं, रस्ते, प्रयोगशाळा, सीमाशुल्काची व्यवस्था यांना पैसा द्यायचा अशी कल्पना. कल्पना योग्य होती. अडचण ही की मदतीच्या पैशातून इमारत आणि यंत्र सहज उभं राहतं, पण वर लिहिलेल्या लॅबमधल्या पोरांचा दहाव्या वर्षाचा पगार त्या पैशातून येत नाही. आपल्या द्राक्षाची जी यंत्रणा टिकली ती बऱ्याच अंशी आपल्याच संस्था आणि आपल्याच बागायतदारांच्या पैशावर टिकली. २०२३-२४ मध्ये देशातून सुमारे ३ लाख ४४ हजार टन द्राक्षं बाहेर गेली. हे त्या टिकण्याचं फळ आहे.

धाग्याचं_रीळ | मंगळवार, सकाळी ६:३०

इचलकरंजीचा. कापडातला माणूस, नऊ वर्षं बांगलादेशात चितगावला होतो. तिकडे व्यापारक्षमतेची जी गोष्ट घडली ती इथे सांगितलीच पाहिजे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस चितगावच्या देश गारमेंट्स या नव्या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवूशी करार केला. देवूला कोट्याची अडचण होती. १९७४ पासून श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटे लावले होते आणि बांगलादेशावर तेव्हा कोट्याचं बंधन नव्हतं. देश गारमेंट्सने १३० जणांना सहा महिन्यांसाठी बुसानला शिकायला पाठवलं. त्यात बायकाही होत्या. त्या काळात ते सोपं नव्हतं. कटिंग, शिलाई, तपासणी, लाइन कशी लावायची, परदेशी गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, सगळं शिकून ते परत आले. पुढच्या काही वर्षांत त्या १३० पैकी ११५ जण देश गारमेंट्स सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला.

कंपनीचं नुकसान झालं. देशाचा उद्योग उभा राहिला.

सूक्ष्ममापन काका, तुम्ही गळती म्हणालात म्हणून हे लिहितो. माणसं गेली ती कुठे गेली यावर सगळं आहे. तुमची पोरं औषध कंपनीत गेली, द्राक्षाच्या दृष्टीने ती गेलीच. चितगावची माणसं त्याच धंद्यात पसरली, म्हणून त्यांचं शिक्षण वाया गेलं नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. बांगलादेशात कापड पुरेसं बनत नव्हतं आणि बाहेरून आणायला डॉलर नव्हते. तिथे दोन सोयी झाल्या. निर्यातीसाठी आणलेलं कापड शुल्क न भरता बाँडेड गोदामात ठेवायचं, आणि परदेशी गिऱ्हाइकाच्या एलसीच्या, म्हणजे पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्राच्या, जोरावर कापडाची एलसी उघडायची, ज्याला ते बॅक-टू-बॅक म्हणतात. मी तिथे एका बँकेत एक म्हातारे अधिकारी बघितलेत, जे दोन्ही एलसींची पानं शेजारी ठेवून ओळ न ओळ बोटाने ताडायचे. एका स्पेलिंगसाठी पैसे अडकू नयेत म्हणून. त्यांच्या त्या बोटावर कित्येक कारखाने चालले असतील.

आणि जे बांधलं नाही तेही सांगतो. इमारती तपासणारे निरीक्षक, मजुरांच्या तक्रारीची जागा. २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा कोसळली, ११०० च्या वर माणसं गेली. निर्यात करायची क्षमता होती, माणूस जगवायची नव्हती. मी त्या दिवशी चितगावला होतो. आमच्या लाइनवरच्या बायका काम थांबवून नुसत्या भिंतींकडे बघत होत्या.

बांधावरून | मंगळवार, सकाळी ९:००

शेवटची ओळ वाचून थांबलो. संडास आणि हात धुवायच्या जागेबद्दल मी वर खर्च म्हणून लिहिलं. तो खर्च कुणी द्यायचा हा प्रश्न कायम आहे, पण तो व्हायला हवा याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

लासलगावचा_ओटा | मंगळवार, दुपारी १२:१०

कांद्याचं लिहिल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही. क्षमता बांधायला वीस वर्षं लागतात आणि मोडायला एक अधिसूचना पुरते.

ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आलं. ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलरची किमान किंमत. डिसेंबरला थेट बंदी. मे २०२४ ला उठली ती परत ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क घेऊन. सप्टेंबरला किमान किंमत गेली, शुल्क २० वर आलं. १ एप्रिल २०२५ ला शुल्क संपलं. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा परवडला पाहिजे हे मला पटतं, माझी बहीण मुंबईत चाळीत राहते. पण ढाक्याच्या आडतदाराला या वीस महिन्यांत आम्ही चार वेळा वेगळं उत्तर दिलं. तो माणूस माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडून माल घेत होता. त्याने पाकिस्तान, इजिप्तकडून माल आणायला सुरुवात केली. मी त्याला दोष देत नाही, त्याच्याही दुकानात गिऱ्हाईक उभं असतं.

परदेशी गिऱ्हाइकाचा भरवसा हीसुद्धा क्षमता आहे, आणि ती कुठल्या लॅबमध्ये तयार होत नाही.

उरणचा_रिफर | मंगळवार, दुपारी ४:२५

बंदरावर काम करतो, थोडक्यात लिहितो. द्राक्षाचा कंटेनर शून्य ते एक अंशावर जातो, पेटीत गंधकाचा कागद असतो, ज्याला तुम्ही ग्रेपगार्ड म्हणता. सुएझने रॉटरडॅम तीन-साडेतीन आठवडे. नोव्हेंबर २०२३ मध्ये लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि डिसेंबरपासून बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या, वर दहा ते पंधरा दिवस. जे फळ बागेतून काढल्यावर चार-पाच तास उन्हात ट्रॅक्टरवर उभं होतं ते या जादा दिवसांत गेलं. जे लगेच थंड झालं ते टिकलं. कागद दोघांचे सारखेच होते. पॅकहाऊस गावाजवळ असण्याला आणि तिथे वीज न जाण्याला किती किंमत आहे ते मला त्या हंगामात, परत आलेल्या तक्रारींच्या फोटोंमध्ये दिसलं.

सूक्ष्ममापन | मंगळवार, सायंकाळी ७:००

रीळ यांचं म्हणणं मी दिवसभर मनात घोळवतोय. खरं आहे. पोरं गेली म्हणून मी कष्टी होतो, पण द्राक्षाच्या धंद्यातच त्यांना जागा असती तर ती कुठे गेली असती? मोठ्या गटांनी स्वतःचा एक रेसिड्यू जाणणारा माणूस पगारावर ठेवायला हवा. मशीनवर बसायला नव्हे. यादी वाचायला, पत्रक ताडायला आणि एप्रिलमध्ये बांधावर जायला. वेलमांडव ताईंचा तो माणूस. बावीस जणांच्या गटाला एकट्याने परवडणार नाही, पण पाच गट मिळून परवडेल.

वेलमांडव | मंगळवार, रात्री ९:३०

काका, आम्ही तसा कोणी मिळेपर्यंत काय करतो ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर. मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री. २०१३ ला परत प्लॉट धरला तेव्हा सासरे म्हणाले, आता वही तू ठेव. माझ्या वहीत हे रकाने आहेत : प्लॉट, छाटणीची तारीख, आज छाटणीनंतरचा कितवा दिवस, औषधाचं दुकानातलं नाव, त्याच्या आतल्या द्रव्याचं नाव, मात्रा, पाणी किती, कुणी मारलं, काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं, आणि शेवटचा रकाना, ‘यादीत बघितलं का’. हा शेवटचा रकाना भरल्याशिवाय आमच्या गटात ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, सुरू होत नाही. सुरुवातीला पुरुष माणसं चिडायची. ढग भरून आलेले असायचे, केवड्याची भीती, आणि मी इंग्रजी यादीत बोट फिरवत बसलेली. आता तेच फोन करतात, वहिनी, हे बघून सांगा.

दोन दुकानी नावांत एकच द्रव्य असतं, आणि ते दोनदा मारलं जातं. हे मला वही ठेवल्यावर कळलं. बांधावरून दादांच्या चार-पाच औषधांच्या अटीत आम्ही दोन हंगाम बसलो ते त्यामुळेच. पावसाच्या वर्षी नाही बसलो, ते खरं आहे. त्या वर्षी माल दुबईला आणि लोकलला दिला.

अडचण एकच. यादी इंग्रजीत येते आणि ती वाचणारी आमच्या गटात मी एकटी. मागच्या ऑक्टोबरला मला डेंग्यू झाला, आठ दिवस दवाखान्यात होते. त्या आठ दिवसांत गटातल्या तिघांनी अंदाजाने फवारे घेतले.

बांधावरून | मंगळवार, रात्री १०:१५

ताई, यादीतली द्रव्यांची नावं मराठीत आणि समोर आपल्याकडे चालणारी दुकानी नावं, असा तक्ता केला तर? माझी मुलगी कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत करेल. तुम्ही आणि सूक्ष्ममापन काकांनी तपासायचा.

सूक्ष्ममापन | मंगळवार, रात्री १०:४०

तपासतो. पण तक्त्यावर तारीख मोठ्या अक्षरांत घाला आणि दरवर्षी जुना फाडून टाका. जुना तक्ता भिंतीवर राहिला तर त्याच्यासारखा धोका नाही.

वेलमांडव | मंगळवार, रात्री १०:५५

खरड छाटणीच्या आधी हवा. आमच्याकडे पहिला प्लॉट ५ एप्रिलला छाटणीला आहे. मी आजच वहीच्या मागच्या पानांवरून आमच्या भागातली दुकानी नावं उतरवायला घेते. तासगावकडची तुम्ही पाठवा.